ज्वलन-उष्णता, अन्नपदार्थांची : चिन्हसंकेत

अन्नपदार्थाचे पुरेशा ऑक्सिजनात पूर्ण ज्वलन झाले असता बाहेर पडणाऱ्या उष्णतेस त्या पदार्थाची ज्वलन-उष्णता म्हणतात. अन्नातील ऊर्जेचे सर्व मापन शेवटी या राशीवर आधारलेले आहे. ही एकच राशी ऊष्मारसायनशास्त्राच्या कोष्टकांत बहुधा ऋण चिन्हाने व आहारशास्त्राच्या कोष्टकांत नेहमी धन चिन्हाने दिलेली आढळते. उदा., ग्लुकोजच्या ज्वलनातील एंथॅल्पीचा बदल मोलमागे −२,८०२.५ किलोजूल आहे, असे रसायनशास्त्रज्ञ म्हणतो. तर १ ग्रॅ. ग्लुकोजच्या ज्वलनाने १५.६ किलोजूल (३.७ किलोकॅलरी) ऊर्जा मिळते, असे आहारशास्त्रज्ञ म्हणतो. दोन्ही विधाने एकाच घटनेची असून दोन्ही बरोबर आहेत. धन किंवा ऋण हा अन्नाचा अथवा उष्णतेचा गुणधर्म नसून ऊर्जेचा हिशेब कोणाच्या बाजूने मांडला आहे याची ती खूण आहे. हा हिशेब एकदा एका बाजूने व पुढच्याच ओळीत दुसऱ्या बाजूने मांडला, तर मात्र येणारी चूक मूळ राशीच्या दुप्पट असते.

प्रणाली व परिसर : ऊष्मागतिकीत ज्या द्रव्याचा विचार करावयाचा त्यास प्रणाली व तिच्याबाहेरील सर्व विश्वास परिसर म्हणतात [→ ऊष्मागतिकी]. अन्नाच्या ज्वलनात अन्नपदार्थ व ऑक्सिजन आणि त्यांपासून तयार होणारे कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी मिळून प्रणाली होते. ज्वलनपात्र, त्याभोवतीचे पाणी, तापमापक, खोलीतील हवा हा सर्व परिसर होय. प्रणालीत येणारी ऊर्जा धन व प्रणालीतून जाणारी ऊर्जा ऋण मानावयाची, असा आधुनिक रसायनशास्त्राचा संकेत आहे. ज्वलनात उष्णता प्रणालीतून परिसरात जाते, म्हणून प्रणालीच्या खात्यावर ती ऋण पडते. तीच उष्णता परिसराच्या खात्यावर धन असते. दोन्ही खात्यांची बेरीज शून्य येते व ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम हेच सांगतो. ज्या विक्रियेत उष्णता बाहेर पडते ती उष्णतादायी व जीत शोषली जाते ती उष्णताग्राही म्हणविली जाते. पहिलीत प्रणालीच्या एंथॅल्पीचा बदल ऋण व दुसरीत धन असतो.

एंथॅल्पी म्हणजे प्रणालीची आंतरिक ऊर्जा आणि तिचा दाब व घनफळ यांचा गुणाकार यांची बेरीज. स्थिर दाबाखाली होणाऱ्या व केवळ प्रसरण-आकुंचनाचेच कार्य घडणाऱ्या विक्रियेत प्रणालीला मिळालेली उष्णता ही तिच्या एंथॅल्पीतील वाढीइतकी असते. बदल नेहमी अंतिम स्थितीच्या मूल्यातून प्रारंभिक स्थितीचे मूल्य वजा करून काढतात. ऋण चिन्ह या वजाबाकीतूनच येते : ज्वलनापूर्वी प्रणालीची एंथॅल्पी अधिक व ज्वलनानंतर ती कमी असते.

ग्लुकोजचे उदाहरण : ग्लुकोजचे ज्वलन पुढीलप्रमाणे मांडता येते.

ग्लुकोज + ६ ऑक्सिजन → ६ कार्बन डाय-ऑक्साइड + ६ पाणी

मूलद्रव्यांपासून संयुग तयार होताना एंथॅल्पीत होणारा बदल, म्हणजे प्रमाण निर्मिति-एंथॅल्पी, २५° से. तापमान व १ बार दाब असताना मोलमागे कार्बन डाय-ऑक्साइडाकरिता −३९३.५, द्रवरूप पाण्याकरिता −२८५.८ व ग्लुकोजकरिता −१,२७३.३ किलोजूल आहे. ऑक्सिजन हे मूलद्रव्य असल्याने त्याचे मूल्य शून्य धरतात. सहा मोल कार्बन डाय-ऑक्साइड व सहा मोल पाणी यांची एकूण एंथॅल्पी −४,०७५.८ किलोजूल होते. तीतून ग्लुकोजचे −१,२७३.३ हे मूल्य वजा केले असता −२,८०२.५ किलोजूल हे उत्तर मिळते.

हीच विक्रिया उलट दिशेने लिहिली की चिन्ह बदलते व आकडा तोच राहतो. हिरवी वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून ग्लुकोज व ऑक्सिजन तयार करते, तेव्हा एंथॅल्पीचा बदल +२,८०२.५ किलोजूल असतो. सूर्यप्रकाशापासून वनस्पतीने जमा केलेली ऊर्जाच ज्वलनात किंवा श्वसनात खर्ची पडते, हे या दोन चिन्हांवरून दिसून येते.

जुन्या पाठ्यपुस्तकांत उष्णता ही विक्रियेची एक निष्पत्ती मानून समीकरणाच्या उजव्या बाजूस ‘+ २,८०२.५ किलोजूल’ असे लिहिण्याची पद्धत होती. या लेखनातील अधिक चिन्ह एंथॅल्पीच्या बदलाचे नव्हे. उजवीकडे उष्णता मिळविली आहे एवढेच ते सांगते. त्यामुळे समीकरणात अधिक व शेजारच्या एंथॅल्पीच्या मूल्यात उणे यांत विसंगती नाही.

इतिहास : आंत्वान लाव्हॉयझर (१७४३—९४) व प्येअर सीमाँ लाप्लास (१७४९—१८२७) या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाच्या उष्णतामापकाने केलेल्या प्रयोगांपासून या विषयाचा प्रारंभ होतो. उपकरणात गिनीपिग हा प्राणी ठेवून त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळते व तो किती कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो, हे त्यांनी मोजले. तितकाच कार्बन डाय-ऑक्साइड देणाऱ्या कोळशाच्या ज्वलनातील उष्णतेशी तुलना करून श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वितळलेल्या बर्फाच्या वजनाला चिन्ह नसते. बाहेर आलेली उष्णता तेवढी मोजावयाची असल्याने चिन्हाचा प्रश्न त्या काळी उद्भवलाच नाही.

जेर्मेन हेस (१८०२—५०) यांनी १८४० साली असे प्रतिपादिले की, विक्रिया एका टप्प्यात होवो की अनेक टप्प्यांत, एकूण उष्णता तीच असते. यामुळे विक्रियांच्या उष्णतांची बेरीज-वजाबाकी करणे शक्य झाले व चिन्हाला महत्त्व आले. डेन्मार्कमधील यूलियस टॉमसन (१८२६—१९०९) आणि फ्रान्समधील मार्सलँ बेर्तलो (१८२७—१९०७) यांनी असंख्य विक्रियांच्या उष्णता मोजल्या. उष्णतादायी व उष्णताग्राही या अर्थाच्या संज्ञा बेर्तलो यांनी प्रचारात आणल्या. प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने उपकरणात आलेली उष्णता ही मिळकत असल्याने बाहेर पडणारी उष्णता धन मानण्याची रीत त्या काळी रूढ झाली. तिला ऊष्मारसायनिक संकेत म्हणता येईल. विसाव्या शतकात ऊष्मागतिकी रसायनशास्त्राचा पाया ठरली. गिल्बर्ट न्यूटन ल्यूइस (१८७५—१९४६) व मर्ल रँडल (१८८८—१९५०) या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या १९२३ मधील ग्रंथाने प्रणालीच्या बाजूने हिशेब मांडण्याच्या पद्धतीस मोठी चालना दिली. हा ऊष्मागतिकीय संकेत आता आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. तथापि अर्धशतकाहून अधिक काळ दोन्ही संकेत शेजारी शेजारी नांदत राहिले. त्यामुळे जुन्या कोष्टकांतील आकडा घेण्यापूर्वी त्याचा संकेत पाहणे आवश्यक ठरते.

मापन : अन्नपदार्थाची ज्वलन-उष्णता बाँब उष्णतामापकाने मोजतात. पदार्थ वाळवून, दळून त्याची लहान वडी करतात व ती वजन करून जाड पोलादी पात्रातील मुशीत ठेवतात. पात्रात सु. ३० वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरून ते पाण्यात बुडवितात आणि विजेच्या तारेने वडी पेटवितात. क्षणार्धात ज्वलन पुरे होते व भोवतालच्या पाण्याचे तापमान वाढते. उपकरणाचे तापमान १ अंशाने वाढविण्यास किती उष्णता लागते, हे अगोदर शुद्ध बेंझॉइक अम्ल जाळून ठरवितात. या अम्लाच्या १ ग्रॅ.पासून २६.४३ किलोजूल उष्णता मिळते.

समजा, १ ग्रॅ. बेंझॉइक अम्लाने उपकरणाचे तापमान २.६४३ अंशांनी वाढले. त्यावरून उपकरणाची उष्णताधारकता अंशामागे १० किलोजूल येते. नंतर १ ग्रॅ. साखर (सुक्रोज) जाळली असता तापमान १.६४८ अंशांनी वाढल्यास उपकरणाला १६.४८ किलोजूल उष्णता मिळाली. तापमानाची वाढ धन व उपकरणाची मिळकतही धन आहे. परंतु प्रणालीचा बदल −१६.४८ किलोजूल आहे. चिन्ह बदलण्याची पायरी नेमकी येथे असते. तापमापक परिसरात असतो व विचार प्रणालीचा करावयाचा असतो, म्हणून एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर जाताना चिन्ह एकदाच पालटावे लागते. ते न पालटणे किंवा दोनदा पालटणे ही प्रयोगशाळेतील नित्याची चूक आहे. पेटवणाऱ्या तारेची उष्णता, तसेच पात्रात उरलेल्या नायट्रोजनापासून होणारे नायट्रिक अम्ल व प्रथिनांतील गंधकापासून होणारे सल्फ्यूरिक अम्ल यांमुळे मिळणारी उष्णता एकूण आकड्यातून वजा करतात. या दुरुस्त्या मात्र धन आकड्यांतच करून शेवटी चिन्ह लावणे सोयीचे असते.

कार्याचे चिन्ह : बाँब उष्णतामापकात घनफळ स्थिर असते, त्यामुळे मोजली जाणारी राशी आंतरिक ऊर्जेचा बदल असते. शरीरातील व उघड्या हवेतील ज्वलन स्थिर दाबाखाली होते. दोहोंतील फरक वायूच्या मोलसंख्येतील बदलावर अवलंबून असतो. ग्लुकोजच्या ज्वलनात सहा मोल वायू खर्च होऊन सहा मोल तयार होतो, म्हणून फरक पडत नाही. पामिटिक अम्ल या वसाम्लाच्या एका मोलास २३ मोल ऑक्सिजन लागतो व १६ मोल कार्बन डाय-ऑक्साइड होतो. वायूचे घनफळ घटल्याने परिसर प्रणालीवर १७.३५ किलोजूल कार्य करतो व तितकी जादा उष्णता बाहेर पडते. एकूण सु. १०,००० किलोजुलांत हा भाग ०.२ टक्क्याहूनही कमी असल्याने आहारशास्त्रात तो सोडून देतात.

येथे आणखी एक संकेतभेद लक्षात घ्यावा लागतो. वाफेच्या एंजिनाच्या अभ्यासातून वाढलेल्या अभियांत्रिकीत एंजिनाला दिलेली उष्णता धन आणि एंजिनाने केलेले कार्यही धन मानतात. त्यामुळे आंतरिक ऊर्जेची वाढ ‘उष्णता उणे कार्य’ अशी लिहिली जाते. रसायनशास्त्राच्या सध्याच्या संकेतानुसार प्रणालीवर झालेले कार्य धन असते व तीच वाढ ‘उष्णता अधिक कार्य’ अशी लिहितात. दोन्ही सूत्रे एकाच नियमाची आहेत. सूत्र एका ग्रंथातून व कार्याचे मूल्य दुसऱ्या ग्रंथातून घेतल्यास मात्र उत्तर चुकते.

अंतिम स्थिती : चिन्ह बरोबर असूनही अंतिम स्थिती सांगितली नसेल, तर आकडा अपुरा राहतो. वर दिलेले ग्लुकोजचे मूल्य द्रवरूप पाणी तयार होते असे धरून आहे. पाणी वाफेच्या रूपात राहिल्यास त्याच्या प्रत्येक मोलामागे ४४ किलोजूल वाफेतच अडकून राहतात व एंथॅल्पीचा बदल −२,५३८.५ किलोजूल एवढाच होतो. अन्नाच्या बाबतीत द्रवरूप पाणीच गृहीत धरतात.

प्रथिनांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. बाँब उष्णतामापकात प्रथिनातील नायट्रोजन मुख्यत्वे वायुरूपाने मुक्त होतो. शरीरात तो प्रामुख्याने यूरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर जातो. यूरिया स्वतः ज्वलनक्षम असल्याने प्रथिनाची काही ऊर्जा शरीराच्या हाती न लागता निघून जाते. जर्मन शरीरक्रियावैज्ञानिक माक्स रूबनर (१८५४—१९३२) आणि अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्बर ओलिन ॲटवॉटर (१८४४—१९०७) यांनी या हानीचा पद्धतशीर अभ्यास केला. ॲटवॉटर यांच्या पद्धतीनुसार प्रथिने, वसा (स्निग्ध पदार्थ) व कार्बोहायड्रेटे यांची ज्वलन-उष्णता ग्रॅममागे अनुक्रमे ५.६५, ९.४० व ४.१५ किलोकॅलरी धरतात. प्रथिनातून मूत्रावाटे जाणारे १.२५ वजा करून सर्वांना अनुक्रमे ९२, ९५ व ९७ टक्के पचनीयता लावली असता सु. ४, ९ व ४ हे सुपरिचित गुणक मिळतात. येथील वजाबाकी हानीची आहे, दिशेची नव्हे. आकडे प्रारंभापासून अखेरपर्यंत धनच राहतात.

उदा., १०० ग्रॅ. भुईमूग दाण्यांत सु. २५ ग्रॅ. प्रथिने, ४० ग्रॅ. वसा व २६ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे असतात. वरील गुणकांनी त्यांची उपयोगी ऊर्जा सु. ५६४ किलोकॅलरी येते, तर याच घटकांची ज्वलन-उष्णता सु. ६२५ किलोकॅलरी होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या कोष्टकांत ऊर्जा किलोजुलांत दिली आहे. बाजारातील वेष्टित खाद्यपदार्थांवर ती किलोकॅलरींत छापलेली असते. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोजूल. व्यवहारात ‘कॅलरी’ असे म्हटले, तरी आहाराच्या संदर्भात किलोकॅलरीच अभिप्रेत असते.

शरीराचा ऊर्जा-हिशेब : आहारशास्त्रात खातेदार अन्न नसून मनुष्य असतो. खाल्लेले अन्न त्याच्या दृष्टीने जमा व बाहेर गेलेली उष्णता आणि केलेले कार्य खर्च होय. जमेतून खर्च वजा जाता उरलेली राशी धन असल्यास ती मुख्यतः वसेच्या रूपाने साठते. ऋण असल्यास साठा घटतो. समजा, एका दिवसात अन्नापासून १०,००० किलोजूल उपयोगी ऊर्जा मिळाली, शरीरातून ८,५०० किलोजूल उष्णता बाहेर गेली व ५०० किलोजूल बाह्य कार्य घडले, तर साठ्याचा बदल +१,००० किलोजूल होईल. ॲटवॉटर यांनी एडवर्ड रोझा या भौतिकीविज्ञांच्या साहाय्याने १८९० नंतरच्या दशकात माणूस आत राहू शकेल असा श्वसन-उष्णतामापक उभारला. या हिशेबाच्या दोन्ही बाजू जुळतात, हे त्यांच्या प्रयोगांत दिसून आले.

या हिशेबात अन्न जमेस येते ते शरीरात प्रवेश करताना. पेशीत त्याचे ऑक्सिडीभवन होताना नव्हे. शरीर, त्यातील अन्न व ऑक्सिजन मिळून एक प्रणाली मानली, तर ऑक्सिडीभवनाने एकूण ऊर्जा वाढत नाही, ती केवळ एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते. उष्णता त्वचेवाटे व श्वासावाटे बाहेर पडली की प्रणालीची ऊर्जा घटते. ‘अन्न जळाल्याने शरीराला ऊर्जा मिळते’ हे बोलण्यातील विधान सोयीचे असले, तरी त्यात पेशीतील कार्य करणारा भाग एक प्रणाली व अन्न ही दुसरी प्रणाली असे गृहीत धरलेले असते.

बंध आणि चिन्ह : अन्नातील रासायनिक बंध तुटल्यामुळे ऊर्जा बाहेर पडते, हा समज सर्वत्र रूढ असला, तरी चुकीचा आहे. बंध तोडण्यास ऊर्जा द्यावी लागते, म्हणून त्याचे चिन्ह धन आहे; बंध जुळताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणून त्याचे चिन्ह ऋण आहे. ज्वलनात अन्नातील व ऑक्सिजनातील बंध तुटतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांतील अधिक बळकट बंध जुळतात. या दोहोंच्या बेरजेत ऋण भाग मोठा असल्याने एकूण बदल ऋण येतो. ऑक्सिजन रेणूतील दुहेरी बंध तुलनेने दुर्बल असणे, हे याचे प्रमुख कारण आहे. यामुळेच खर्च झालेल्या ऑक्सिजनाच्या प्रत्येक मोलामागे ग्लुकोजपासून सु. ४६७ व पामिटिक अम्लापासून सु. ४३४ किलोजूल, म्हणजे जवळजवळ सारखीच उष्णता मिळते. माणसाने वापरलेल्या ऑक्सिजनाच्या घनफळावरून (लिटरमागे सु. २० किलोजूल) त्याचा ऊर्जाव्यय काढण्याची पद्धत यावरच आधारलेली आहे.

चुका व दक्षता : जुन्या कोष्टकात ग्लुकोजची ज्वलन-उष्णता २,८०२.५ अशी धन छापलेली आहे व तीवरून निर्मिति-एंथॅल्पी काढावयाची आहे, असे समजू. निष्पत्तींच्या −४,०७५.८ मधून ज्वलनाचा −२,८०२.५ हा बदल वजा केल्यास −१,२७३.३ हे योग्य उत्तर मिळते. छापील धन आकडा तसाच घेऊन वजा केल्यास −६,८७८.३ हे उत्तर येते. चूक ५,६०५ किलोजुलांची, म्हणजे ज्वलन-उष्णतेच्या बरोबर दुप्पट आहे. अशी चूक ऋण चिन्हाआड सहज लपते, कारण दोन्ही उत्तरे ऋणच आहेत.

शब्दांतही अशीच दक्षता हवी. ‘उष्णता बाहेर पडते’ या शब्दप्रयोगात दिशा आलेलीच असते, त्यामुळे पुढे धन आकडाच लिहावा. ‘−२,८०२.५ किलोजूल उष्णता बाहेर पडते’ याचा काटेकोर अर्थ तितकी उष्णता शोषली जाते असा होईल. उलटपक्षी ‘एंथॅल्पीचा बदल’ या शब्दांत दिशा नसते, म्हणून तेथे चिन्ह लिहिलेच पाहिजे. ज्वलन-उष्णता, ऊर्जामूल्य व ज्वलन-एंथॅल्पी या संज्ञांपैकी पहिल्या दोन धन आणि तिसरी ऋण असा निर्बंध पाळल्यास, तसेच प्रणाली कोणती, पाणी कोणत्या अवस्थेत व राशी ग्रॅममागे की मोलमागे, हे प्रत्येक कोष्टकाच्या माथ्यावर नमूद केल्यास रसायनशास्त्र व आहारशास्त्र यांचे आकडे कोणत्याही शंकेशिवाय एकमेकांशी ताडून पाहता येतात.